‘आमची निवड’ फळी: ग्रंथालयातल्या सगळ्यांनी, सगळ्या वयांच्या वाचकांसाठी

सार्वजनिक ग्रंथालयात येणारे बरेच सभासद कुठलंही ठरावीक पुस्तक मनात धरून येत नाहीत. आधीचं पुस्तक टेबलावर ठेवतात, शेजारी नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो त्यात हात घालतात आणि त्यातलंच एखादं घेऊन जातात. त्यामुळे तीच दोनशे-तीनशे पुस्तकं वर्षभर फिरत राहतात आणि कपाटांतली बाकीची जागची हलत नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ अशी दोन सूत्रं आहेत. ‘आमची निवड’, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या शिफारशींची फळी, हे ती दोन्ही पाळण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे. एक मांडणी, थोडा जाड कागद आणि आठवड्याला तासभर, एवढंच लागतं. मात्र प्रत्येक पुस्तकाखाली लावायच्या शिफारशीच्या कार्डावर पुस्तकाची थोरवी लिहायची नाही, ते कोणत्या वाचकासाठी आहे ते लिहायचं. पुढचं सगळं त्याच अंगाने आहे.

जागा आणि मापं

फळी देवघेव टेबलापासून चार-पाच पावलांवर, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाच्या बाजूलाच हवी. दारालगत ठेवली तर येणारा माणूस हातातली पिशवी, छत्री सांभाळत पुढे निघून जातो. टेबलाच्या मागे, कर्मचाऱ्यांच्या बाजूला ठेवली तर ‘जरा ते दाखवा’ म्हणायचा संकोच वाटतो. वाचकाला स्वतः हात घालून पुस्तक उचलता आलं पाहिजे. बंद कपाटांची पद्धत असलेल्या, म्हणजे पुस्तक मागूनच घ्यावं लागतं अशा ग्रंथालयांना तर या फळीचा सर्वाधिक फायदा होतो, कारण तिथे वाचकाला पुस्तक चाळायला मिळण्याची ही जवळजवळ एकच जागा असते.

पुस्तकं कण्याकडून नव्हे, मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करा. डेमी आकाराचं पुस्तक साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि २१-२२ सेंटिमीटर उंच असतं. ९० सेंटिमीटरच्या फळीवर अशी पाच पुस्तकं मोकळेपणाने बसतात. सहावं कोंबलं की खालची कार्डं एकमेकांवर चढतात. दोन फळ्यांमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे वरच्या फळीच्या कडेला लटकणारं कार्ड खालच्या पुस्तकाचं नाव झाकत नाही. मोठ्यांसाठीच्या फळ्या कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत असाव्यात. मुलांची फळी जमिनीपासून ४० ते ९० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे पहिलीतलं मूल टाचा न उंचावता पुस्तक घेऊ शकेल. चित्रपुस्तकं रुंद असतात, एका फळीवर तीन किंवा चारच लावा.

चार फळ्या म्हणजे वीस पुस्तकं, सुरुवातीला एवढी पुरे. पण कार्डं तीस तयार ठेवा. चांगलं लिहिलेलं कार्ड असलं की पुस्तक दोन दिवसांत जातं. रिकामी जागा आठवडाभर तशीच राहिली तर वाचक त्या बाजूला बघणं सोडतात आणि मग त्यांची नजर पुन्हा वळवायला फार वेळ लागतो.

पुस्तकं निवडताना

सगळ्या कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी ‘आवडीची पुस्तकं सांगा’ म्हटलं की यादीत ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाती’ हमखास येतात. ही पुस्तकं उत्तम आहेत, पण त्यांना कार्डाची गरज नाही. ती मागूनच नेली जातात. फळीवरची जागा अशा पुस्तकांना द्या, जी वाचकाला आवडतील पण त्याला माहीत नाहीत, किंवा नाव ऐकलंय पण ‘आपल्याला जमेल का’ अशी शंका आहे. ग्रंथालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेली, दाखल होऊन तशीच राहिलेली पुस्तकंही एकदा नीट चाळून बघा.

कार्ड लिहिण्याआधी प्रत हातात घेऊन तपासा. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे म्हणून ते कपाटात असेलच असं नाही. जुन्या प्रतींत शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, सुटून गेलेला असतो. तो वाचकाला घरी गेल्यावर, कादंबरी संपत आली असताना कळतो आणि त्यानंतर त्याचा आपल्या कुठल्याच शिफारशीवर विश्वास बसत नाही. पानं पिवळी पडून कडा मोडत असतील, कसरीने बांधणी खाल्ली असेल, तर ती प्रत आधी बाइंडिंगला द्या. एकच प्रत असेल तर शिफारस करायला हरकत नाही, पण दुसऱ्या प्रतीची मागणी त्याच आठवड्यात ग्रंथनिवड समितीपुढे ठेवा.

साने गुरुजींच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क २०१० च्या अखेरीस संपला. त्यामुळे ‘श्यामची आई’च्या अनेक स्वस्त आवृत्त्या बाजारात आहेत आणि त्यांतल्या काहींत छपाईच्या चुका फार आहेत. पानं उलटून बघितल्याशिवाय अशी प्रत मुलांच्या फळीवर ठेवू नका. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या संक्षिप्त आवृत्त्याही आहेत, तुमच्याकडची पूर्ण आहे का ते पाहून कार्डावर तसं लिहा.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक आठवणीवर सुचवू नये. पहिली तीस पानं आणि मधलं एक प्रकरण पुन्हा वाचा. आपण विशीत वाचलेल्या विनोदी पुस्तकातले बायकांवरचे किंवा जातीवरचे विनोद आज हातात घेताना नको वाटतात. ते आपल्याला आधी कळलेलं बरं.

वीस पुस्तकं ठरली की यादी एकदा आडवी वाचा. लेखिका किती आहेत? दलित, आदिवासी, ग्रामीण लेखन आहे का? अनुवाद? विज्ञान, प्रवास, चरित्र? सगळ्याच कादंबऱ्या तर झाल्या नाहीत ना? गोव्यातल्या ग्रंथालयात मराठीसोबत कोंकणी पुस्तकंही त्याच फळीवर हवीत, वेगळ्या कोपऱ्यात नकोत.

शिफारस फक्त ग्रंथपालांची नसावी. सहायक, लिपिक, शिपाई, बाइंडिंग करणारे, सगळ्यांचं नाव फळीवर आलं पाहिजे. शिपाईमामांना कोणतं पुस्तक कुणाच्या घरी आठ दिवस जास्त राहतं हे सर्वांत आधी कळतं. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे त्यांना बोलतं करा आणि दुसऱ्याने उतरवून घ्या. तीन प्रश्न पुरतात: हे तुम्ही कुणाला द्याल? कुणाला देणार नाही? वाचताना कुठे अडायला होतं? ‘का आवडलं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान आहे’ याच्या पुढे सहसा जात नाही.

कार्ड

ए-फोर आकाराचा २०० ते २५० जीएसएमचा कागद घेऊन त्याचे चार भाग करा. आडवं धरलं की १४.८ बाय १०.५ सेंटिमीटरचं कार्ड मिळतं. हाताने लिहा, अक्षर किमान पाच मिलिमीटर उंच, काळ्या किंवा गडद निळ्या शाईत. संगणकावर छापलेलं कार्ड सूचनाफलकावरच्या नोटिशीसारखं दिसतं आणि कुणी वाचत नाही. पन्नासच्या आसपास शब्द. साठ ओलांडले की अक्षर बारीक होतं आणि चष्मा विसरून आलेला वाचक पुढे सरकतो.

वर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. मग कुणासाठी, आत काय आहे, वाचताना कशाची तयारी हवी. खाली सुचवणाऱ्याचं नाव आणि विभाग. मागच्या बाजूला दाखल क्रमांक (नोंदवहीतला) आणि वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला) पेन्सिलीने. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अवश्य वाचा’, ‘संग्राह्य’ हे शब्द कार्डावर येऊ द्यायचे नाहीत. ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. मलपृष्ठावरचा मजकूरही उतरवू नका, तो पुस्तकावर आहेच.

‘बनगरवाडी’चं एक कार्ड असं असू शकतं:

‘छोटी कादंबरी, दोन-तीन बैठकींत होते. ज्यांना गावाकडचं वाचायला आवडतं पण रडगाणं नको असतं, त्यांच्यासाठी. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, एवढंच सूत्र. माणदेशी बोली पहिली दहा पानं अडवेल, मोठ्याने वाचलीत की सुटेल.’

आणि ‘रारंगढांग’चं:

‘कॉलेजातल्या मुलांना, ट्रेकिंग करणाऱ्यांना, आणि “मला कादंबऱ्या आवडत नाहीत” म्हणणाऱ्यांना. मुंबईचा इंजिनिअर हिमालयात रस्ता बांधायला जातो. कडा, सुरुंग, लष्करी शिस्त. प्रेमकथा शोधत असाल तर हे नव्हे.’

दुसऱ्या कार्डातलं शेवटचं वाक्य काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. ‘हे कुणासाठी नाही’ हे मोकळेपणाने सांगितलं की बाकीच्या शब्दांवर वाचक विश्वास ठेवतो. शेवट मात्र कधीही उघड करायचा नाही. ‘पाडस’सारख्या अनुवादाच्या कार्डावर ‘शेवटी रडू येईल, मुलाला देण्याआधी स्वतः वाचा’ एवढंच पुरेसं आहे.

पुस्तक गेलं की कार्ड पुस्तकात खुपसून देऊ नका, ते परत येत नाही. कार्ड जागेवरच ठेवा, त्यावर ‘सध्या बाहेर’ची चिठ्ठी लावा आणि शेजारी राखीव मागणीच्या चिठ्ठ्या अडकवा. दोनपेक्षा जास्त मागण्या आल्या तर कार्ड तात्पुरतं काढा आणि तीस कार्डांतलं पुढचं पुस्तक लावा.

वयाप्रमाणे, पण वयावरच नाही

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे इयत्ता विचारून पुस्तक देणं. इंग्रजी माध्यमातला पाचवीतला मुलगा घरी अस्खलित मराठी बोलतो, गोष्ट समजायला त्याला काहीच अडचण नसते, पण जोडाक्षरांपाशी त्याचा वेग तुटतो. त्याला पाचवीचं म्हणून दीडशे पानांचं पुस्तक दिलं तर तो तिसऱ्या पानावर थांबतो, आणि पहिलीचं दिलं तर अपमान वाटतो. अशा मुलांसाठी मोठा टाइप, छोटी प्रकरणं, पण विषय त्यांच्या वयाचा, अशी पुस्तकं वेगळी काढून त्यांच्या कण्यावर रंगीत ठिपका लावा. बाहेर ‘सोपं’ असं काहीही लिहू नका. ठिपक्याचा अर्थ आपल्याला माहीत असला की पुरे. परदेशात आणि परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हीच ठिपक्याची पुस्तकं लागतात. सुट्टीत आजोळी आलेली मुलं बालविभागात येतात तेव्हा ती हाताशी असावीत.

वाचता न येणाऱ्यांसाठीचं कार्ड पालकांना उद्देशून लिहा. एका पानावर किती ओळी आहेत ते सांगा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका पानावर एक-दोन ओळी, त्याहून जास्त असल्या की ते पान उलटून टाकतं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ संचासारखी, घरातल्या माणसांची पुस्तकं इथे चांगली चालतात, कारण मूल चित्रावर बोट ठेवून स्वतःच्या आजीबद्दल बोलू लागतं. कार्डावर तेच लिहा: ‘वाचून दाखवताना मध्येच थांबा, मुलाला बोलू द्या.’

आठ ते अकरा हा वाचनाचा खादाड काळ. इथे मालिका हव्यात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बन्या, त्याची सायकल आणि त्याचं ‘टॉक्’, एक पुस्तक गेलं की मुलं पुढचं मागायला येतात. म्हणून फळीवर मालिकेतलं एक आणि टेबलाखाली बाकीची तयार ठेवा. गोष्टी काही दशकांपूर्वीच्या आहेत, तेव्हा फोन, तार, रेल्वे याबद्दल मुलं विचारतील. कार्डावर ‘मोबाइल नसताना चोर कसा पकडायचा?’ असं विचारलं तर तीच अडचण आकर्षण होते. ‘श्यामची आई’ हातात देऊन पाठवण्यापेक्षा रोज रात्री एक प्रकरण आई-बाबांनी वाचून दाखवावं असं सुचवा. त्यातली प्रकरणं ‘रात्र’ म्हणूनच मांडलेली आहेत.

बारा ते चौदाची मुलं बालविभागातून उठतात आणि मोठ्यांच्या कपाटांशी बावरतात. ग्रंथालयाची मुलं इथेच सुटतात, म्हणून निम्मी मेहनत या गटावर घ्या. त्यांची फळी बालविभागात ठेवूच नका, मोठ्यांच्या बाजूला ठेवा. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ इथे कधी अपयशी ठरत नाही: गुलामीत जन्मलेला मुलगा पुढे शेतीशास्त्रज्ञ होतो, आणि प्रयोग कसे केले ते तपशिलाने आहे. विज्ञानाची आवड असलेल्यांना जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. या वयाला लेखकाची खरी गोष्टही खेचते. नारळीकरांनी आपली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळालं, हे एक वाक्य कार्डावर असलं तरी पुस्तक हललंच.

प्रकाश नारायण संतांचा लंपन कुणाला द्यायचा यावर ग्रंथालयांत नेहमी मतभेद होतात, कारण नायक लहान मुलगा आहे. मुलांना तो जमतो, पण खरा रंगतो चौदा-पंधराच्या पुढे आणि पन्नाशीनंतर तर फारच. दोन वेगवेगळी कार्डं करा, दोन फळ्यांवर. क्रम मात्र ठळक लिहा: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. चौथं आधी नेलेला वाचक गोंधळतो आणि बाकीची तीन घेतच नाही. बेळगाव भागातल्या कानडी वळणाच्या मराठीबद्दलही आधीच सांगा.

पंधरा ते अठरासाठी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, दया पवार यांचं ‘बलुतं’, बाबुराव बागूल यांच्या कथा ही फळीवर असलीच पाहिजेत. एखादे पालक ‘हे मुलांसाठी आहे का?’ असं विचारतील. कर्मचाऱ्याने ते स्वतः वाचलेलं असेल तर शांतपणे सांगता येतं: कोणत्या प्रसंगात काय आहे, भाषा कशी आहे, आणि या वयाने ते का वाचावं. स्वतः न वाचता सुचवलं असेल तर इथे माघार घ्यावी लागते, आणि पुस्तक कायमचं कपाटात जातं.

ज्येष्ठ वाचकांसाठी आधी वजन आणि टाइप बघा, मग विषय. सहाशे पानांची पुठ्ठाबांधणी पलंगावर पडून धरता येत नाही, मनगट दुखतं. मोठी कादंबरी दोन भागांत बांधलेली असेल तर तशी प्रत काढा. टाइप चौदा पॉइंटच्या खाली असला तर बऱ्याच जणांना त्रास होतो. ‘स्मृतिचित्रे’ची बोलकी, खेळकर भाषा मोठ्याने वाचून दाखवायलाही सोपी आहे. नजर अधू झालेल्या आजींसाठी नातवंडं ते घेऊन जातात. आजारपणातून उठलेल्यांना छोट्या कथा आणि व्यक्तिचित्रं द्या, वीस मिनिटांत एक पुरं व्हावं असं काहीतरी.

टेबलावरचं बोलणं

कार्ड कितीही चांगलं असलं तरी निम्म्या शिफारशी तोंडीच होतात. वाचक म्हणतो, “ताई, काहीतरी चांगलं द्या ना.” यावर लगेच पुस्तक पुढे करू नका. “काका, इतक्यात वाचलेलं कोणतं आवडलं?” हे विचारा. नाव आठवलं नाही तर “अर्धवट परत आणलेलं कोणतं?” हे विचारा. न आवडलेलं पुस्तक लोकांना पक्कं आठवतं आणि त्यातून जास्त कळतं. मग “प्रवासात वाचणार की घरी निवांत?” एवढं विचारलं की जाडी ठरते.

दोन पुस्तकं पुढे ठेवा, फार तर तीन. त्यातलं एक त्याच्या आवडीला अगदी लागून असावं, दुसरं एक पायरी पलीकडचं. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्याला दुसरी ऐतिहासिक कादंबरी, आणि सोबत त्याच काळावरचं एखादं चरित्र किंवा प्रवासवर्णन. सहा-सात पुस्तकं मांडली तर माणूस गोंधळून मघाच्या ढिगाकडेच वळतो. “पन्नास पानांत नाही जमलं तर खुशाल परत आणा, मला वाईट वाटणार नाही,” हे स्पष्ट म्हणा. नाहीतर न आवडलेलं पुस्तक महिनाभर घरी पडून राहतं, दंड होतो आणि वाचक आपल्याला टाळायला लागतो.

एखाद्याने काय नेलं हे दुसऱ्या सभासदासमोर बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आजारपण, घटस्फोट, कर्ज यांवरची पुस्तकं नेणाऱ्यांना त्याने फार अवघडल्यासारखं होतं. आणि पालक मुलाच्या हातातून पुस्तक काढून “हे तुला लहान आहे” म्हणाले, तर हसत मध्ये पडा: “असू दे हो, हे एक त्याच्या आवडीचं, एक तुमच्या.” मुलांना एका वेळी दोन पुस्तकं द्यायचा नियम नसेल तर तो करून घ्या.

चालू ठेवणं

सगळी फळी एक तारखेला बदलायची पद्धत टाळा. दर पंधरा दिवसांनी तिसरा हिस्सा बदला, म्हणजे दर खेपेला काही ओळखीचं आणि काही नवं दिसतं. पंधरा दिवसांत एकदाही न उचललेलं पुस्तक असेल तर आधी कार्ड पुन्हा लिहा, मग जागा बदला, आणि मगच पुस्तक काढा. बहुतेक वेळा दोष कार्डात असतो, ‘कुणासाठी’ ही ओळच राहून गेलेली असते.

मोजायचं असेल तर ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालींवरून एखाद्या पुस्तकाची फळीवर असतानाची आणि त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांतली देवघेव काढा. संगणक नसेल तर तारीखपट्टीवरचे शिक्के मोजा. ज्या पुस्तकाचे आकडे फळीवरून उतरल्यावरही टिकतात, त्याची आणखी प्रत घ्या. परत करताना वाचक जे एखादं वाक्य बोलतो तेही कार्डाच्या मागे टिपून ठेवा. पुढच्या खेपेचं कार्ड त्यातूनच लिहायचं असतं.

दिवाळी अंकांच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कादंबऱ्यांची देवघेव मंदावते. तेव्हा निम्मी फळी अंकांना द्या आणि कार्डावर अंकाऐवजी त्यातली एकच कथा किंवा लेख, पान क्रमांकासह, सुचवा. तीनशे पानांच्या अंकात वाचकाला तेच हवं असतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दिवशी शाळांचे गट येतात. त्या आठवड्यात मुलांच्या फळीला दुप्पट साठा लागतो, तो आधीच काढून ठेवा.

मुलांनी लिहिलेली कार्डंही लावा, पण वेगळ्या फळीवर. मुलं मोठ्यांच्या शिफारशींपेक्षा एकमेकांच्या शिफारशींवर अधिक विश्वास ठेवतात, आणि त्यांच्या कार्डावरचं शुद्धलेखन आपण सुधारलं तर तो जातो. पेट्यांमधून पुस्तकं फिरवणाऱ्या योजना, सोसायट्यांतले वाचनकट्टे, परगावच्या महाराष्ट्र मंडळांची कपाटं इथे सुचवायला माणूस हजर नसतो. तिथे कार्ड पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘कुणासाठी काय’ अशी एक पानी यादी लावा.